दोन तासांचं काम, ८८ तासांचा रिपोर्ट

प्रौढ माणसाच्या मिलीलीटरभर रक्तात तांबड्या पेशी असतात साधारण पाचशे कोटी. ब्लड कल्चर या तपासणीच्या एका बाटलीत दहा मिलीलीटर रक्त घालतात, म्हणजे पाच हजार कोटी पेशी. जगाच्या आजच्या लोकसंख्येच्या सहापट. आता ज्याच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरलाय, थंडी वाजून ताप चढतोय, अशा पेशंटच्या मिलीलीटरभर रक्तात जिवाणू किती असतील? पुष्कळदा एक. कित्येकदा तेवढाही नाही, दोन-तीन मिलीलीटरमागे एखादा. पाच हजार कोटींच्या गर्दीत हे चार-पाच जण हुडकायला कुणी सूक्ष्मदर्शक घेऊन बसलं आणि सेकंदाला शंभर पेशी नजरेखालून घातल्या, तर तहानभूक-झोप सोडून त्याला जवळजवळ सोळा वर्षं लागतील.

म्हणून सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जिवाणू शोधत नाहीत, वाढवतात. बाटलीत तीसेक मिलीलीटर पोषक द्रव असतो, त्यात रक्त मिसळतं आणि बाटली ३५ ते ३७ अंशांच्या उबेत ठेवली जाते. बुडाशी एक चकती असते. काही बाटल्यांत ती करडी-हिरवी असते आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड साचत गेला की पिवळी पडते. यंत्र दर दहा मिनिटांनी प्रत्येक बाटलीची चकती वाचतं. पाच दिवस बाटली आत राहिली तर ७२० वेळा. चारशे बाटल्या मावणारं यंत्र दिवसाला ५७,६०० वाचनं करतं आणि त्यातली बहुसंख्य ‘काही नाही’ अशीच असतात.

यंत्राची घंटा वाजते ती बाटलीतल्या मिलीलीटरमागे जिवाणू दहा कोटींच्या घरात पोचले की. चाळीस मिलीलीटर द्रवात चारशे कोटी. एकापासून सुरुवात केली तर तिथवर जायला फक्त ३२ वेळा दुप्पट व्हावं लागतं. ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला जिवाणू सगळं मनासारखं असेल तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. बाटलीत तेवढी चैन नसेल म्हणून पंचवीस मिनिटं धरू. तेरा तास वीस मिनिटं. प्रत्यक्षातही ई. कोलायची बाटली बऱ्याचदा बारा-चौदा तासांतच बोलते.

मग कल्चरचा रिपोर्ट तीन-चार दिवसांनी का मिळतो?

हिशेब मांडून बघू. एक मध्यम आकाराची प्रयोगशाळा धरा, जिचा सूक्ष्मजीवशास्त्र विभाग सकाळी नऊला उघडतो आणि संध्याकाळी बंद होतो. आपल्याकडे अशाच जास्त. सोमवारी संध्याकाळी सहाला रक्त काढलं. बाटली यंत्रात गेली मंगळवारी सकाळी नऊला: पंधरा तास गेले. त्याच रात्री दहाला घंटा वाजली: जिवाणूंनी आपलं काम तेरा तासांत केलं. ती घंटा ऐकणारं माणूस आलं बुधवारी सकाळी नऊला: आणखी अकरा तास गेले. तासाभरात ग्रॅम स्टेन (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) झाला, वॉर्डला फोन गेला, बाटलीतला थेंब प्लेटवर, म्हणजे पोषक जेली ओतलेल्या ताटलीवर, पसरून प्लेट इन्क्युबेटरमध्ये गेली. सोळा तासांनी, म्हणजे गुरुवारी पहाटे दोनला, त्या प्लेटवर जिवाणूंच्या छान टपोऱ्या कॉलनी तयार होत्या. त्या पाहिल्या कुणी? नऊला आलेल्या टेक्निशियननं. सात तास. तासाभरात जात ओळखली, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणतं औषध लागू पडेल ती तपासणी, लावली. यंत्रानं दहा तासांत, रात्री आठला उत्तर तयार ठेवलं. सही झाली शुक्रवारी सकाळी दहाला. चौदा तास.

एकूण ८८ तास. त्यात जिवाणूंच्या वाढीला लागलेले ३९, माणसांच्या हातांना लागलेले २ आणि कुलूपबंद खोलीत नुसते पडून गेलेले ४७.

या क्षेत्रातल्या ऑटोमेशनबद्दल जे काही बोललं जातं, ते बहुतेक त्या दोन तासांबद्दल असतं. यंत्रमानवाचा हात किती चपळ, तासाला किती प्लेटा. चित्रफितीत ते दिसतंही झकास. पण हाताचे दोन तास शून्यावर आणले तरी रिपोर्ट ८६ तासांनी येणार. खरं घबाड त्या ४७ तासांत आहे.

आणि ते तास कुणाचे असतात हेही मोजलेलं आहे. २०१७ या एका वर्षात जगभरात सेप्सिसचे, म्हणजे जंतुसंसर्गानं अवयव निकामी होऊ लागण्याचे, सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण झाले आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली आला. त्याआधी २००६ मध्ये आनंद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेप्टिक शॉकच्या २,१५४ रुग्णांचा अभ्यास छापला होता: रक्तदाब कोसळल्यावर योग्य अँटिबायोटिक मिळायला पहिल्या सहा तासांत जो उशीर होतो, त्याच्या दर तासामागे जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत होती. डॉक्टर अर्थातच रिपोर्टची वाट बघत बसत नाहीत, अंदाजानं औषध सुरू करतात. पण तो अंदाज चुकला होता हे कळण्याचा रस्ता त्या बाटलीतूनच जातो आणि प्रतिरोधक जिवाणूंच्या काळात असे अंदाज चुकतात.

आता त्या दोन तासांकडेही बघू, कारण एका पेशंटचे दोन तास आणि हजार पेशंटांचे दोन तास यांत फरक आहे.

दिवसाला हजार सॅम्पल घेणारी एक मोठी प्रयोगशाळा कल्पून घ्या आणि सॅम्पलमागे सरासरी दोन प्लेटा. दोन हजार प्लेटा. प्लेटची उंची दीड सेंटिमीटर, म्हणजे एकावर एक ठेवल्या तर तीस मीटर, दहा मजली इमारतीएवढी चवड, रोज. प्लेटीत वीस मिलीलीटर अगार, म्हणजे ती जेली, धरलं तर रोज चाळीस लिटर. आता प्रत्येक प्लेट किती वेळा हातात येते? नाव-नंबर लावायचा, झाकण उघडायचं, सॅम्पल टाकायचं, पसरायचं, झाकण लावायचं, उलटी करायची (वरचं बाष्प थेंब होऊन कॉलनींवर पडू नये म्हणून), आत ठेवायची, बाहेर काढायची, बघायची, पुन्हा ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायची, शेवटी निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हच्या पिशवीत. बारा हाताळण्या. दिवसाला चोवीस हजार.

यातलं पसरणं म्हणजे स्ट्रीकिंग हे खरं कसब. तारेचं वर्तुळाकार टोक असलेला लूप ज्योतीवर लालबुंद करायचा, कडेच्या अगारला टेकवून निववायचा, सॅम्पलच्या थेंबातून नागमोडी ओढायचा. मग लूप पुन्हा तापवायचा, प्लेट पाव फेरी फिरवायची आणि पहिल्या पट्ट्याच्या टोकाला जेमतेम शिवून पुढचा पट्टा. असं चार वेळा. प्रत्येक पट्ट्यात जिवाणू विरळ होत जातात आणि चौथ्यात एकेकटा पडलेला जिवाणू आपली स्वतंत्र कॉलनी उभारतो. हात जड पडला तर अगार फाटतं, हलका पडला तर जिवाणू सुटे होत नाहीत आणि सगळं एक दाट साय होऊन बसतं. एका प्लेटवर लूपचा प्रवास अडीच मीटर धरला तर दोन हजार प्लेटांवर पाच किलोमीटर. मऊ जेलीवर, ओरखडा न काढता, मनगटाच्या जोरावर.

हे सगळं असंच शंभर-सव्वाशे वर्षं चाललं. फॅनी हेसे यांनी स्वयंपाकघरातलं अगार सुचवलं ते १८८१-८२ च्या सुमारास, रॉबर्ट कॉख यांचे सहायक युलिउस पेट्री यांनी झाकणाची ताटली जाहीर केली १८८७ मध्ये. शेजारच्या बायोकेमिस्ट्री विभागात लिओनार्ड स्केग्ज यांचा ऑटोॲनलायझर १९५७ मध्येच बाजारात आला आणि साखर-युरिया मोजणं यंत्राच्या स्वाधीन झालं. कल्चरची बाटली स्वतः वाचणारी यंत्रं १९९० च्या आसपास रुळली. पण प्लेट मात्र नव्या शतकाची पहिली काही वर्षं उलटेपर्यंत जवळजवळ सगळीकडे हातानंच गिरवली जात होती.

कारण साधं आहे. बायोकेमिस्ट्रीत येते एकच वस्तू: नळीतलं रक्त. इकडे काय काय येतं? डबीत लघवी, चिकट बेडका, कापसाच्या काडीवर पू, शौच, पाठीच्या कण्यातलं दहा-बारा थेंब पाणी, कॅथेटरचं कापलेलं टोक, हाडाचा तुकडा. प्रत्येकाचं भांडं वेगळं, झाकण वेगळं, दाटपणा वेगळा. त्यातल्या प्रत्येकाला कोणत्या प्लेटा लावायच्या तेही वेगळं. कोविडच्या साथीत २७ जुलै २०२० रोजी नोएडा, मुंबई आणि कोलकाता इथल्या आयसीएमआरच्या संस्थांत दिवसाला प्रत्येकी दहा हजारांहून जास्त चाचण्यांची क्षमता एकदम उभी राहिली, ते शक्य झालं कारण सॅम्पल एकाच जातीचं होतं आणि प्रश्नही एकच होता: हा विषाणू आहे की नाही? कल्चरच्या प्लेटीला विचारलेला प्रश्न असतो: इथे कोण-कोण आहे, आणि त्यातला आरोपी कोण?

कोडं सुटायला सुरुवात झाली ती यंत्रमानवापासून नव्हे, काडीपासून. साध्या काडीवर कापूस किंवा धागा गुंडाळलेला असतो. पू त्यात शोषला जातो आणि बराचसा आतच अडकून राहतो. इटलीतल्या ब्रेशाच्या कोपान कंपनीनं गुंडाळलेल्या धाग्याऐवजी नायलॉनचे आखूड तंतू काडीवर मखमलीसारखे उभे चिकटवले. सॅम्पल तंतूंच्या मधे धरलं जातं आणि एक मिलीलीटर द्रवात काडी बुडवली की त्यातलं बहुतेक बाहेर येतं. बस्स. पू आता नळीतलं पाणी झालं, आणि नळीतलं पाणी यंत्राला उचलता येतं. (याच काड्यांपैकी पाच लाख अमेरिकी हवाई दलाच्या विमानानं मार्च २०२० मध्ये इटलीहून मेम्फिसला नेल्या. इटली तेव्हा स्वतः साथीत होरपळत होती, पण नाकात घालायच्या काड्या तिथे मोठ्या प्रमाणावर बनत होत्या.)

कोपानच्या ‘वास्प’ यंत्रात दोन यंत्रमानवी हात आहेत. एक नळी उचलतो, बारकोड वाचवून घेतो, झाकण पिळून उघडतो. दुसरा धातूचा लूप बुडवतो, प्लेटवर ओढतो, आणि लूप तापवायला ज्योत लागत नाही, विद्युत-प्रवर्तनानं तो क्षणात लाल होतो. तासाला दीडशेच्या वर प्लेटा. नेदरलँड्समधल्या ड्राख्टन गावच्या कीस्ट्रा कंपनीनं (२०१२ मध्ये ती बीडी या कंपनीनं घेतली) लूपच काढून टाकला. प्लेटवर थेंबासोबत एक लहानशी लोखंडी गोळी पडते आणि खालचं चुंबक तिला ठरल्या नक्षीत फिरवतं, एकाच वेळी पाच प्लेटांवर. मनगटाचं कसब म्हणून जे आपण मिरवत होतो ते एका गोळीला आणि चुंबकाला जमतं, हे कुठल्याही जुन्या टेक्निशियनला पचायला थोडं जडच जाणार. पण शंभराव्या प्लेटला गोळीचा हात दुखत नाही, दोन हजाराव्यालाही नाही.

लघवीच्या कल्चरमध्ये तर हा नेमकेपणा थेट निदानात उतरतो. तिथे लूप मोजमापाचा असतो: एक मायक्रोलीटर, म्हणजे बाजू एक मिलीमीटर असलेल्या घनाएवढा थेंब. मूत्राशयात तीनशे मिलीलीटर लघवी असेल तर तिचा नेमका तीन लाखावा भाग प्लेटवर येतो. त्यावर उगवलेली एक कॉलनी म्हणजे मिलीलीटरमागे हजार जिवाणू. शंभर कॉलनी आल्या तर एक लाख, आणि एडवर्ड कास यांनी १९५६ मध्ये घालून दिलेली हीच ती रेषा, जिच्या वर संसर्ग आणि खाली बहुधा बाहेरची भेसळ. आता तो लूप डबीत सरळ उभा बुडवला की तिरका, यावर थेंब लहान-मोठा होतो, जसं पळी कशी धरली यावर तेल कमी-जास्त येतं. थेंब दीडपट आला तर सत्तर कॉलनींच्या एकशे पाच होतात आणि पेशंट रेषेच्या पलीकडे जातो. यंत्र लूप दर वेळी त्याच कोनात, त्याच खोलीवर बुडवतं.

तरीही हे सगळं त्या दोन तासांतलंच. ४७ तासांवर घाव बसला तो इन्क्युबेटरमध्ये.

जुना इन्क्युबेटर म्हणजे कपाट. दार उघडलं की गरम हवा बाहेर, आणि सकाळी नऊ ते अकरा दार सारखं उघडतंच. नव्या पद्धतीत प्लेट पट्ट्यावरून आपोआप आत जाते, तिच्या ठरलेल्या खणात बसते आणि आतल्या आत कॅमेऱ्यासमोर नेऊन परत ठेवली जाते. पहिला फोटो जाताक्षणी, कोऱ्या प्लेटचा, म्हणजे अगारमधला बुडबुडा उद्या कॉलनी समजला जाणार नाही. मग ठरल्या तासांना पुढचे, खालून-वरून-कडेनं वेगवेगळ्या उजेडात. प्लेट रात्री आठला आत गेली तर तिचे सोळा तास दुपारी बाराला भरतात, पहाटे तीनला गेली तर संध्याकाळी सातला. प्रत्येक प्लेटचं घड्याळ तिचं तिचं. आपल्या दोन हजार प्लेटांचे तीन-तीन वेळा फोटो काढले तर दिवसाला सहा हजार वेळा, वर्षाला जवळपास बावीस लाख वेळा कॅमेरा चालला.

बावीस लाख वेळा काढलेले फोटो बघायचे कुणी? बहुतेक ठिकाणी लघवीच्या निम्म्याहून जास्त सॅम्पलमधून काहीच उगवत नाही. माणसाचा वेळ कोऱ्या प्लेटांकडे बघण्यात जातो, आणि तेच काम यंत्राला सगळ्यात चांगलं जमतं. २०१६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात एमआरएसए या प्रतिरोधक जिवाणूसाठीच्या रंगीत प्लेटांचे ५७,६९० फोटो संगणकानं तपासले. माणसांनी पॉझिटिव्ह ठरवलेली एकही प्लेट त्यानं सोडली नाही. निगेटिव्हपैकी ९०.७ टक्के त्यानं निगेटिव्हच सांगितल्या. उरलेल्यांवर उगाच संशय घेतला, पण त्यातल्याही काही दुसऱ्यांदा पाहिल्यावर खरंच पॉझिटिव्ह निघाल्या, म्हणजे तिथे चूक माणसाची होती. फोटोमागे दहा सेकंद धरले तर ५७,६९० प्लेटांना एका माणसाचे १६० तास लागतात, आठ तासांची पाळी धरून वीस दिवस. विसाव्या दिवशी त्याचं लक्ष किती जागेवर असेल ते ज्यानं कधी पेपर तपासलेत त्याला विचारावं.

पडद्यावर एक गोष्ट मात्र येत नाही, वास. स्युडोमोनास या जिवाणूची प्लेट उघडली की पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर भपकारा येतो. प्रोटियस दिसण्याआधी नाकाला कळतो, आणि दिसतो तेव्हा प्लेटभर लाटांवर लाटा पसरलेला असतो. जुने लोक हळहळतात. मला विचाराल तर गेला तो वास बरा गेला. प्रयोगशाळेतच कर्मचाऱ्यांना होणाऱ्या संसर्गांत ब्रुसेला या जिवाणूचं नाव फार वरचं आहे, आणि प्लेट हुंगणं हा तो घेण्याचा अगदी सोपा मार्ग.

जात ओळखणं आता बहुतेक मोठ्या ठिकाणी माल्डी-टॉफ या यंत्रावर होतं. कॉलनीचा कण स्टीलच्या पट्टीवर माखायचा, वर रसायनाचा थेंब, आणि लेझरचा झटका. जिवाणूची प्रथिनं विद्युतभारित होऊन निर्वात नळीतून सुटतात. हलकी आधी पोचतात, जड मागून. नेहमीच्या वीस हजार व्होल्टला दहा हजार डाल्टन वजनाचं प्रथिन सेकंदाला वीसेक किलोमीटर वेगानं जातं, म्हणजे मीटरभर अंतर सुमारे ५० मायक्रोसेकंदात. पोचण्याच्या वेळांवरून जो आलेख तयार होतो तो प्रत्येक जातीचा निराळा. २००९ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या गटानं १,६६० जिवाणूंवर हे करून दाखवलं: ९५.४ टक्के बरोबर ओळखले गेले, एकेकाला सरासरी सहा मिनिटं. त्याआधी याच कामाला साखरेच्या नळ्या लावून दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागे. आणि आता आपला गुरुवार आठवा. पहाटे दोनला तयार झालेली कॉलनी सकाळी नऊपर्यंत पडून होती. ५० मायक्रोसेकंदांच्या उड्डाणासाठी सात तासांची रांग, पन्नास कोटी पट.

सेन्सिटिव्हिटीच्या यंत्राचा जन्म तर अवकाशासाठीचा. यानात माणसांसोबत कोणते सूक्ष्मजीव फिरताहेत हे पृथ्वीवर न आणता कळावं म्हणून नासाच्या कामातून मॅकडॉनेल डग्लस कंपनीत जे घडलं, त्यातून पुढे व्हायटेक हे यंत्र आलं. तळहातात मावणाऱ्या प्लास्टिकच्या कार्डात ६४ खळगे, त्यांत वेगवेगळी औषधं वेगवेगळ्या प्रमाणात, आणि दर पंधरा मिनिटांनी प्रकाश आरपार टाकून वाचन. दहा तासांत एका जिवाणूमागे अडीच हजारांवर नोंदी. रात्री आठला उत्तर तयार. त्यावर सही करायला माणूस नसेल तर पुढचे चौदा तास कुठलंच यंत्र वाचवू शकत नाही. करोडोंची मांडणी विकत घेऊन ती एकाच पाळीत चालवणं हा प्रकार जगभर घडतो, आणि तिथे रिपोर्ट फारसा लवकर येत नाही यात नवल काहीच नाही. रात्रपाळीला दोन माणसं नेमणं यंत्रापेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल अशा प्रयोगशाळा आपल्याकडे ढिगानं असतील.

शिवाय प्रत्येक जिवाणू ई. कोलायसारखा घाईतला नसतो. एका जिवाणूची दहा लाखांची कॉलनी व्हायला वीस वेळा दुप्पट व्हावं लागतं. ई. कोलायला त्याला ४०० मिनिटं पुरतात. क्षयाचा जिवाणू वीसेक तासांनी एकदा दुप्पट होतो, म्हणून त्याला ४०० तास लागतात, सोळा-सतरा दिवस. त्याच्या द्रव कल्चरचं एमजीआयटी नावाचं यंत्र ९६० नळ्या घेतं, दर तासाला वाचतं आणि ४२ दिवस थांबतं: भरलेल्या यंत्राच्या एका फेरीत पावणेदहा लाखांच्या आसपास वाचनं. इथे माणसाचे पडून गेलेले तास वाचवून काही साधत नाही, जिवाणूच सुस्त आहे. भारतात २०२३ मध्ये क्षयाचे सुमारे २८ लाख रुग्ण झाले, मिनिटाला पाचाहून जास्त. तिथे उत्तर उलट्या दिशेनं आलं, आणि आलं गोव्यातून. वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचं ‘ट्रूनॅट’ हजार सॅम्पल एका ठिकाणी गोळा करत नाही. बॅटरीवर चालणारी, टेबलावर मावणारी पेटी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते आणि बेडक्यातल्या क्षयाच्या डीएनएच्या प्रती काढून तासाभरात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ते मान्य केलं. गडचिरोलीतला बेडका नागपूरच्या रोबोपर्यंत पोचवण्यापेक्षा यंत्रच गडचिरोलीला पोचवणं, हेही ऑटोमेशनच.

उरतो तो टप्पा, जिथे कुठलंच यंत्र नाही: पेशंटपासून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत. तिथले आकडे बघितले की रोबोच्या कौतुकाला जरा लगाम बसतो.

दोन मिलीलीटर रक्तामागे एक जिवाणू असलेला पेशंट घ्या. बाटलीत दहा मिलीलीटर रक्त घातलं तर सरासरी पाच जिवाणू येतात, आणि एकही न येण्याची शक्यता दीडशेत एक. शीर सापडत नव्हती, पेशंट कण्हत होता, म्हणून तीनच मिलीलीटर घातलं तर सरासरी दीड, आणि एकही न येण्याची शक्यता २२ टक्के. जवळजवळ पाचातली एक बाटली रिकामी. यंत्र ती ७२० वेळा इमानेइतबारे वाचणार आणि पाचव्या दिवशी ‘नो ग्रोथ’ छापणार.

लघवीचं याच्या नेमकं उलट. मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या ओपीडीत सकाळी दहाला डबी भरली. त्वचेवरून आलेले मिलीलीटरमागे हजार जिवाणू तिच्यात होते, म्हणजे एका मायक्रोलीटरवर एक कॉलनी, विषय संपला असता. डबी खिडकीतल्या ट्रेमध्ये राहिली, शिपाई दुपारी दोनला घेऊन गेला. त्या उन्हात अर्ध्या तासाला दुप्पट धरलं तर चार तासांत आठ वेळा, २५६ पट. मिलीलीटरमागे दोन लाख छप्पन्न हजार. कास यांची रेषा अडीचपट ओलांडली. पुढे सगळं अचूक होतं: बारकोड बरोबर, लूपचा कोन बरोबर, फोटो सोळाव्या तासाला, कॉलनी २५६, जात निश्चित, सेन्सिटिव्हिटी जोडलेली. आणि ज्या बाईला संसर्गच नाही तिला सात दिवसांचं अँटिबायोटिक.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. डबी दोन तासांच्या आत पोचवायची. जमत नसेल तर चार अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवायची, चोवीस तास चालते. फ्रिजही नसेल तर बोरिक ॲसिडची पूड घातलेली नळी मिळते, तिच्यात जिवाणू मरत नाहीत आणि वाढतही नाहीत. फक्त खुणेपर्यंत भरायची. कमी लघवीत पूड जास्त झाली तर ती खऱ्या जिवाणूंनाही मारते.